हार्ड डिस्कचे कल्ले

मासळी घेताना मी कधी फसलो नाही असं नाही. पण जेव्हा फसलो तेव्हा कल्ले बघून फसलो. त्यातही एक समाधान असतं. बांगड्याचा कल्ला उचलायचा, लाल दिसला की मान डोलवायची, पोटावर अंगठा दाबायचा, डोळा पाणीदार आहे का बघायचं, आणि मग कोळीणबाई सांगेल त्या भावाला "छे, छे" म्हणून निघून जायचं. पाचव्या पावलाला ती हाक मारते. नाही मारली, तर सहाव्या पावलाला आपल्यालाच काहीतरी विसरल्याचं आठवतं. आमच्या किहीम गावात ही विद्या शाळेत जाण्याआधी येते. म्हणूनच गेल्या मे महिन्यात मोबाइलवर चार टीबीची एक हार्ड डिस्क अर्ध्या किमतीत दिसली, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की हिचे कल्ले कुठे असतात?

किंमत १८,९९९. तिच्यावर आडवी रेघ. खाली जाड अक्षरांत ९,४९९. बाजूला तांबड्या चौकटीत ५० टक्के सूट आणि चौकटीखाली उलटं धावणारं घड्याळ: ३ तास १२ मिनिटं शिल्लक. कोळणीच्या पाटीवर भाव लिहिलेला नसतो, त्यामुळे तो खोडलेलाही नसतो. "पापलेट आठशेचं होतं, पण आज तुला चारशेला," असं ती म्हणाली, तर आपण आधी पापलेटाचा वास घेऊ. डिस्कच्या बाबतीत मात्र तेच वाक्य ऐकून मी उलट वाचलेले साडेनऊ हजार कुठे खर्च करायचे याचा विचार करू लागलो. १८,९९९ ला ती डिस्क आजवर कोणी घेतली असेल, हा विचार फार उशिरा सुचला. रात्री बारापर्यंत मी त्या घड्याळाकडे बघत जागा राहिलो. बारा वाजता ते शून्यावर आलं, क्षणभर थांबलं आणि पुन्हा २३ तास ५९ मिनिटांपासून धावू लागलं. एसटीच्या कंट्रोलरनेसुद्धा असं कधी केलं नव्हतं.

डिस्क हवी होती हे मात्र खरं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, त्या दुपारी आमच्या घराची निम्मी कौलं वाडीत आणि वाडीतले निम्मे माड घरात, अशी अदलाबदल झाली. माळ्यावरच्या ट्रंकेत फोटोंचे आल्बम होते. ट्रंक पत्र्याची होती, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर येऊ न देण्याची तिची पूर्ण तयारी होती. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. वळणीवर गोधड्यांच्या शेजारी आमचं खानदान चिमट्यांना लटकत होतं. काही फोटो सुटलेच नाहीत. आजोबांच्या मुंजीच्या फोटोवर काकांच्या लग्नाचा फोटो असा काही चिकटला, की आठ वर्षांचे आजोबा आपल्या मुलाच्या लग्नाला हजर असल्याचा पुरावा आज आमच्याकडे आहे.

टाळेबंदी सैल झाल्यावर पुण्याहून भाचा आला आणि त्याने दोन महिने बसून सगळं स्कॅन करून एका डिस्कवर घातलं. ती डिस्क कपाटात ठेवून आम्ही निर्धास्त झालो. लोक म्हणतात, मनात शंकेची पाल चुकचुकते. आमची एप्रिलात डिस्कमध्येच चुकचुकायला लागली. टक्, टक्, टक्. मग जरा शांतता. मग पुन्हा टक्.

भाच्याला फोन लावून मी तो आवाज ऐकवला. "मामा, बंद कर ती आधी!" तो ओरडला. "आणि नवीन डिस्क हातात आल्याशिवाय पुन्हा लावू नकोस. डोकं आपटतंय आत."

मग त्याने समजावलं. आत तबकडी असते, ती मिनिटाला ५,४०० वेळा फिरते, आणि तिच्यावर एक इवलंसं डोकं टेकता न टेकता तरंगत असतं. मधलं अंतर मोजक्या नॅनोमीटरचं. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड. एवढ्या अंतरावरून जन्मभर कोणाला न टेकता संसार करायचा, म्हणजे कधी ना कधी डोकं आपटणारच. आमच्या हिने हे स्वयंपाकघरातून ऐकलं आणि म्हणाली, "त्यात नवल काय?"

आता प्रश्न असा, की आमची इस्टेट आहे तरी किती? मी बेरीज केली. सगळं मिळून २१२ जीबी. त्यात स्कॅन केलेले जुने फोटो जेमतेम ४० जीबीचे. उरलेल्यात नातवाने किहीमच्या वाळूत बांधलेल्या किल्ल्याचं चित्रीकरण, त्याच किल्ल्याचं दुसऱ्या बाजूने चित्रीकरण, लाटेने किल्ला नेल्यावर नातवाच्या रडण्याचं चित्रीकरण. शिवाय मांडव्याच्या जेट्टीवर काढलेले ३८ फोटो. सगळ्या फोटोंत आम्ही बोटीची वाट बघतोय आणि एकाही फोटोत बोट आलेली नाही.

२१२ जीबीसाठी चार टीबी, म्हणजे दोघांच्या कुटुंबाने लग्नाचा हॉल राहायला घेण्यासारखं. पण स्वस्त हॉल मिळत असताना खोली कोण घेतो?

त्यात चार टीबी हेही चार टीबी नसतात. कंपनी हजाराचा हिशेब धरते आणि विंडोज १,०२४ चा, म्हणून डिस्क जोडली की पडद्यावर ३.६३ दिसतात. लबाडी यात कोणाचीच नाही, दोघांची मापं वेगळी, एवढंच. पण ज्या गावात शंभर नारळ घेणारा वरचे चार हक्काने मागतो, तिथल्या माणसाला चाराला चारही भरत नाहीत हे कसं पटावं? मी भाच्याला म्हटलं, "वर घालायचं सोडून हे आतलंच काढून घेतात की!"

तो म्हणाला, "मामा, तुला स्वस्ताई काय कळणार? १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क काढली. पन्नास तबकड्या, एकेक दोन फूट व्यासाची. अख्खं धूड टनाच्या आसपास. त्यात मावायचं किती, तर ५ एमबी. तुझा मोबाइलवरचा एक फोटो!" १९५६ साली आमचा जिल्हा अजून कुलाबा होता, रायगड व्हायला १९८१ उजाडायचं होतं. ते धूड त्या वेळी किहीमला आणायचं, तर रेवसच्या धक्क्यावर उतरवून बैलगाडीत घालावं लागलं असतं, आणि वाटेत बैलांनी पहिला प्रश्न फोटोत आहे कोण असाच विचारला असता. शिवाय ती संगणकासकट भाड्याने मिळायची, महिन्याला ३,२०० डॉलर. त्या हिशेबाने ९,४९९ रुपये म्हणजे फुकटच. इतिहासाचा हा एक मोठा तोटा आहे. तो वाचला की कुठलीही वस्तू स्वस्त वाटू लागते.

पुढचा हिशेब भाच्यानेच शिकवला. दर टीबीमागे काय पडतं ते काढ. चार टीबी ९,४९९ ला, म्हणजे टीबीमागे २,३७५. एक टीबीची साधी डिस्क, बिनसुटीची, ४,६००. म्हणजे मोठी जवळजवळ निम्म्या भावात! मी आनंदलो. मग रात्री अंथरुणात पडल्यावर वाटलं, की रिकाम्या टीबीचे पैसे मी कशाला धरू? भरलेल्या जीबीमागे काढून पाहू. ९,४९९ भागिले २१२, जीबीला ४५ रुपये. ४,६०० भागिले २१२, जीबीला २२ सुद्धा नाही. तीच डिस्क, तेच पैसे, आणि उशी बदलली तसा भाव बदलला. हाटकरणीच्या तराजूला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा स्वतःच्या डोक्यातला तराजू बघावा.

सूट एवढी मोठी का, हा प्रश्न कोळीणबाईला न विचारता सुटला असता. दुपारी बाराला भाव उतरला की मासळी सकाळची आहे हे कोणीही ओळखतो. डिस्कचं बारा वाजणं मात्र अनेक प्रकारचं असतं, आणि त्यातला एक प्रकार मला घराच्या छपरावर सापडला.

मे महिना म्हणजे आमच्याकडे शाकारणीचा. दोन गडी कौलांवर चढले होते. वानरांनी मधल्या ओळीतलं एक कौल फोडलं होतं. आता एक कौल बदलायचं, तर ते नुसतं उपसून निघत नाही. वरच्या ओळीची कडा खालच्या ओळीवर चढलेली असते. म्हणून वरचं उचल, त्याच्या वरचं सैल कर, फुटकं काढ, नवं सरकव, मग पुन्हा सगळं बसव. नेमक्या याच पद्धतीने हल्ली कितीतरी डिस्क बनतात, खिशात मावणाऱ्या छोट्या तर बहुतेक सगळ्या. तबकडीवर माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहितात. इंग्रजीत त्या पद्धतीचं नावच मुळी कौलांवरून पडलंय. त्यामुळे तेवढ्याच तबकडीत जास्त मावतं आणि डिस्क स्वस्त पडते. पण मधलं एखादं बदलायचं झालं, की शेजारच्या पट्ट्यांची शाकारणी करावी लागते आणि डिस्क धापा टाकते. २०२० साली यावरून जगभर बोंब झाली, कारण काही कंपन्यांनी हे खोक्यावर लिहिलंच नव्हतं. फोटो एकदा ठेवून पावसाळाभर हात न लावणाऱ्याला अशी डिस्क चालते. रोज उठून कौलं बदलणाऱ्याला नाही. वरच्या गड्याला मी हे समजावून सांगायला गेलो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग मंगळुरी कौलं म्हणा की सरळ."

दुसरा प्रकार नव्या खोक्यातल्या जुन्या डिस्कचा. २०२१ मध्ये चिया नावाचं एक आभासी नाणं निघालं. ते मिळवायला डिस्कवरची मोकळी जागा अडवून ठेवावी लागे. अडवलेल्या तुकड्याला ते लोक प्लॉट म्हणत आणि या सगळ्या उद्योगाला शेती. मी हे वाचलं आणि वाटलं, अरे, हे तर किहीमचेच लोक! जागा अडवायची, तिच्यात काहीही पिकवायचं नाही, आणि त्याला शेती म्हणायचं. चोंढी नाक्यापासून समुद्रापर्यंत दुसरं काय चाललंय? फरक एवढाच, की आमच्याकडे शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असल्याचा दाखला लागतो, तिथे तोही लागत नव्हता. या शेतीपायी डिस्कचे भाव चढले, मग नाणं पडलं, आणि रात्रंदिवस राबलेल्या डिस्क बाजारात आल्या. त्यातल्या काही पुसूनपासून नव्या म्हणून विकल्या गेल्या. आमच्याकडे निदान प्लॉटवर जुनं कुंपण तरी दिसतं.

तिसरा प्रकार तर निव्वळ बनावट. सोळा टीबी दीड हजारात म्हणून जे विकतात, ते खोकं फोडलं तर आत इवलंसं मेमरी कार्ड डिंकाने चिकटवलेलं निघतं. संगणकाला ते ठणकावून सोळा टीबी सांगतं, आणि कार्ड भरलं की पुढचे फोटो आधीच्यांवर घालत राहतं. आमच्या आजोबांना त्याच वाटेने आणखी दोन-चार लग्नं बघायला मिळाली असती.

एवढं सगळं कळल्यावर माणूस शहाणा होतो असं नाही. तो नुसता बसून राहतो. मी पडवीत बसून राहिलो. समोर विहिरीवर वाकलेल्या शिंदीला गेल्या वर्षीचे सुगरणीचे खोपे लटकत होते. याच किहीममध्ये १९३० साली सलीम अली येऊन राहिले होते. जर्मनीहून पक्षिशास्त्र शिकून परतले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली. नोकरी नाही, पुढे पावसाळा, आणि समोर सुगरण पक्ष्यांची वसाहत. ते बघत बसले. सुगरण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पदर खोचलेली बाई येते, पण विणतो तो नर. तो खोपा अर्धाच विणतो. मग माद्या येतात, आत शिरतात, ओढून ताणून बघतात, आणि पसंत पडला तरच राहतात. त्यानंतर नर तो पुरा करतो आणि लगेच शेजारी दुसरा अर्धा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. सलीम अलींनी हे पहिल्यांदा नीट मांडलं आणि किहीमचं नाव पक्षिशास्त्रात गेलं. किहीमला त्याचं फारसं काही नाही. नरांबद्दल गावाचा अंदाज आधीपासून तोच होता.

मला त्यातली मादीची तपासणी महत्त्वाची वाटते. तिला नर सूट देत नाही, घड्याळ दाखवत नाही. ती आत जाऊन बघते आणि नापसंत पडलं तर काही न बोलता उडून जाते. मी तीन दिवस बाहेरूनच रेघ मारलेली किंमत बघत होतो.

आमच्या घरातली तपासणी त्याच संध्याकाळी झाली. ही आगोटीचं सामान भरत होती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या ६१ दिवसांची बेगमी मे महिन्यात करायची असते. जवळा, सुकट, बोंबील, वाकट्या उन्हात पुन्हा एकदा कडक करून डब्यांत जात होत्या. तिने मान वर न करता विचारलं, "घेतलीत का ती डिस्क?"

मी तिला तबकडीपासून चियापर्यंत सगळं सांगितलं. ती डबा आपटून आपटून सुकट बसवत होती.

"म्हणजे सगळे फोटो त्या एका मोठ्या डिस्कवर ठेवणार?"

"चार टीबी आहे. पुढची चाळीस वर्षं पुरेल."

"आणि ती टकटक करायला लागली म्हणजे?"

मी गप्प.

"अहो, सुकट मी कधी एका डब्यात भरते का? एकाला ओल लागली तर दुसऱ्यातलं खायला नको? आणि एक डबा माळ्यावर नाही, वन्संकडे ठेवते. गेल्या खेपेला माळा कुठे गेला होता, आठवतंय ना?"

जगभरचे छायाचित्रकार सांगतात, की फोटोंच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. त्यावर पुस्तकं आहेत. ही सुकट भरता भरता जवळजवळ तिथे पोचली होती. एक टीबीच्या दोन डिस्क घ्यायच्या, दोन वेगळ्या दुकानांतून, कारण एका खेपेचे बोंबील एकदमच खराब होतात. एक इथे, एक पुण्याला भाच्याकडे, म्हणजे वन्संकडेच. दोन्हींचे मिळून ९,२००. त्या सुटीतल्या डिस्कपेक्षा २९९ रुपये कमी, आणि सूट एका पैची नाही. हे पचायला मला रात्र लागली.

एक अलिबागमध्येच घेतली. दुसरीसाठी मांडव्याहून गेटवेची बोट धरली (ती आली, पण फोटो काढायचं राहिलं) आणि ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर उतरलो. त्या रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग होऊन किती वर्षं झाली, पण दुकानदार आणि टॅक्सीवाले यांना अजून कोणी कळवलेलं दिसत नाही. तिथे मला माझं जग सापडलं. भाव लिहिलेले नव्हते. "बिलाने का बिनबिलाने?" "सीलपॅक का बल्क पीस?" "रिफर्बिशमध्ये देतो की, एकदम मख्खन." मी सील नखाने तपासलं, मागचा सीरियल नंबर मोबाइलवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते बघितलं, आणि मग "छे, छे" म्हणून निघालो. पाचव्या पावलाला हाक आली नाही. सहाव्याला नाही. सातव्याला मी वळलो, तर दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला चहा देत होता. ४,६०० मोजून दिले. बिलाने.

घरी आल्यावर भाच्याने फोनवरून कल्ले दाखवले. डिस्कला कल्ले असतात. फुकट मिळणारा एक छोटा प्रोग्रॅम लावला, की डिस्क आजवर किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, किती जागा सडल्यामुळे बदलून घ्याव्या लागल्या, सगळं दिसतं. नव्या डिस्कवर २६ हजार तास दिसले, तर ती तीन वर्षं कुठेतरी राबून आली आहे. माझ्या दोन्हींवर शून्य. अर्थात मासळीच्या कल्ल्यांना जसा रंग लावतात, तसे हे आकडेही पुसता येतात म्हणे. आणि मुख्य पंचाईत ही, की हा मासा विकत घेऊन, घरी आणून, खोकं कापल्यावरच कल्ला उघडतो. नंतर सबंध डिस्क खोट्या माहितीने काठोकाठ भरून परत वाचून बघायची, म्हणजे एक टीबी खरोखरच एक टीबी आहे का ते कळतं. याला सहा तास लागतात. किहीममध्ये दोन दिवस लागले, कारण साडेपाचव्या तासाला वीज जाते.

मग जुनी डिस्क शेवटची लावली. टक् झालं, आम्ही श्वास धरला, आणि रात्रभर फोटो एकेक करत आले. २१२ पैकी २०९ जीबी. आजोबा आले, त्यांची मुंज आली, ते लग्नही आलं. गेलेल्या तिनात मांडव्याच्या जेट्टीचे ३८ फोटो होते. ती बोट आता यायची नाही.

आमची डिस्क आता फरसाणाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसकट, ओट्यावरच्या फळीवर असते. खाऱ्या हवेने इथे बिजागऱ्यासुद्धा दोन पावसाळ्यांत हात टेकतात. डबा पारदर्शक नाही, त्यामुळे आलेले पाहुणे मोठ्या आशेने झाकण उघडतात.

मे संपता संपता कोळीणबाई शेवटची पाटी घेऊन आली. मी पडवीत दुसरी डिस्क पुण्याला पाठवायला बांधत होतो. तिने वाकून बघितलं. "काय रे हे? केवढ्याला घेतलंस?"

सवयीने मी हजारभर कमी सांगितले. "साडेतीन हजार."

"एवढंसं? आतमध्ये काय आहे?"

"घरच्यांचे फोटो. जुने. पुन्हा भिजू नयेत म्हणून."

तिने डिस्क हातात घेतली, वजन केलं, उलटी केली, अंगठ्याने मध्ये दाबून बघितली.

"तीन हजाराला मिळाली असती," ती म्हणाली आणि पाटीवरचं फडकं बाजूला केलं. "हलवा बघ. कल्ले उघडून बघ."